नाशिकचे डोंगर : मुद्दल आणि व्याज

श्रोतेहो, नाशिक म्हटले की बाहेरगावच्या माणसाला पंचवटी आठवते, रामकुंड आठवते, काळारामाचे देऊळ आठवते. जिभेचा शौकीन असेल तर त्याला द्राक्षे आणि चिवडा आठवतो. परंतु नाशिकला आणखी एक ऐश्वर्य लाभले आहे आणि ते सहसा कुणाच्या बोलण्यात येत नाही. शहरातल्या एखाद्या उंच गच्चीवर उभे राहा आणि सभोवार नजर फिरवा. जिकडे पाहावे तिकडे डोंगर. कुठे सपाट माथ्याचा, कुठे सुळक्याचा, कुठे नुसताच पाठ टेकून पडलेला. सकाळी शिदोरी बांधून निघावे, पायी चढावे, माथ्यावर दोन घास खावेत आणि दिवेलागणीच्या आत घरी परतावे, इतके हे डोंगर जवळ आहेत. आज ह्या डोंगरांविषयी, त्यांच्या पायवाटांविषयी आणि आसपासच्या मोकळ्या माळांविषयी चार गोष्टी सांगाव्यात असा विचार आहे.

हौसेने डोंगर चढणे ही शहरी माणसाने अलीकडे काढलेली चैन आहे, असे पुष्कळांना वाटते. पाठीला पिशवी आणि पायात बूट घातलेल्या तरुणांचा घोळका दिसला की खेड्यातला म्हातारा हसतो आणि म्हणतो, "रिकामपणाचे उद्योग!" त्याचेही खरेच आहे. जो रोज गुरांमागे डोंगर चढतो त्याला चढण्याचे नवल ते काय? पण थोडे मागे वळून पाहा. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते. रविवारच्या रात्रीपासूनच माणसे चालू लागतात. लहान फेरी सुमारे २० किलोमीटरांची, आणि ज्याच्या पायांत बळ आहे त्याने मोठी घ्यावी, ती सुमारे ४० किलोमीटरांची. चैत्रात खानदेशातून हजारो माणसे उन्हातान्हाची पायी वणीच्या गडावर येतात. निवृत्तिनाथांना त्यांचे गुरू गहिनीनाथ भेटले तेही ह्याच ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत, असे परंपरा सांगते. वाटेत वाघ आडवा आला, सगळ्यांची पांगापांग झाली आणि लहानगे निवृत्ती धावत ज्या गुहेत शिरले तिथे गुरू बसलेले होते! तेव्हा डोंगर चालणे ही आपल्या मुलखाची जुनी रीत आहे. वाट चुकली तर कधीकधी गुरू भेटतो, एवढाच तिचा अर्थ घेतला तरी पुरे.

आता आपण एकेक दिशा घेऊ. प्रथम नैर्ऋत्येला. मुंबई-आग्रा रस्त्याने शहराच्या मध्यापासून सुमारे ८ किलोमीटर गेले की पांडवलेण्यांचा डोंगर लागतो. पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आहे. तिथून पायऱ्यांची वाट वर जाते. लहान मूलसुद्धा अर्ध्या तासाच्या आत चढते. वर एका ओळीत २४ लेणी कोरलेली आहेत. नाव पांडवलेणी असले तरी पांडवांचा त्यांच्याशी संबंध नाही. ही बौद्ध भिक्षूंची वसतिस्थाने, पावसाळ्यात एका जागी राहण्यासाठी कोरलेली. डोंगराचे जुने नाव त्रिरश्मी. तिसऱ्या क्रमांकाचे लेणे गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिच्या दानाचे आहे. तिथल्या भिंतीवर तिने आपल्या पराक्रमी मुलाची थोरवी लिहवून ठेवली आहे. आईने मुलाविषयी लिहवलेला असा लेख जगात फार ठिकाणी सापडायचा नाही.

परंतु शिक्षक बंधुभगिनींना मी आवर्जून दहाव्या लेण्यापाशी थांबायला सांगेन. ते शक क्षत्रप नहपान ह्याच्या जावयाचे, उषवदाताचे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, आणि मजकूर काय म्हणाल तर चक्क बँकेतल्या ठेवीचा! उषवदाताने ३,००० कार्षापण, म्हणजे त्या काळची चांदीची नाणी, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ, आजच्या भाषेत सहकारी सोसायटी म्हणा. दोन हजारांवर व्याज दरमहा शेकडा १, आणि उरलेल्या हजारावर दरमहा शेकडा पाऊण. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ नाणी द्यायची. दुसरीचे व्याज त्यांच्या किरकोळ खर्चाला. आता मुलांना पाटीवर हिशेब मांडायला सांगा. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. भिक्षू २०. प्रत्येकी किती आले? बरोबर १२! एकोणीसशे वर्षांपूर्वीचे गणित आणि उत्तर आजही चोख जुळते. वर्गात सरळव्याजाला कंटाळणारे मूल त्या भिंतीपुढे उभे राहिले की डोळे विस्फारते, हे मी माझ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत पुष्कळदा पाहिले आहे. आणि तो गोवर्धन गाव? तोही नाशिकजवळ, गंगापूरच्या बाजूला, आजही नांदतो आहे.

ह्या लेखात आणखी एक अट आहे आणि आजच्या भाषणाचे सार माझ्या मते तिच्यात आहे. उषवदात सांगतो की हे मुद्दल परत घ्यावयाचे नाही. उपभोगायचे ते केवळ व्याज. खेड्यातल्या माणसाला हे निराळे समजावून सांगायला नको. बियाण्याची कणगी उपाशी राहिला तरी तो फोडत नाही. डोंगराचेही नेमके तसेच आहे. कातळ, माती, झाडे आणि गवताचे मूळ हे मुद्दल. झऱ्याचे पाणी, चारा, करवंदे-जांभळे, रानभाज्या, आणि तुम्हाआम्हाला चालायला मिळणारी मोकळी वाट हे व्याज. डोंगराशी कसे वागावे ह्याचा नियम असा डोंगरावरच कोरून ठेवलेला आहे.

आता पश्चिमेकडे वळू. त्र्यंबकच्या रस्त्याने २० किलोमीटरांवर अंजनेरी आणि त्यापुढे आठ-दहा किलोमीटरांवर त्र्यंबकेश्वर, त्याच्या माथ्यावर ब्रह्मगिरी. हे डोंगर साधारण १,३०० मीटर उंचीचे. दुरून त्यांच्या अंगावर आडव्या रेघा दिसतात. चुलीपाशी भाकऱ्यांची चवड रचावी तसे काळ्या दगडाचे थर एकावर एक बसलेले आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. पुन्हा आला, पुन्हा थिजला. त्याच ह्या भाकऱ्या. ह्या खडकाच्या पोकळ्यांत स्फटिक तयार झाले. आपण त्यांना गारगोटी म्हणून भिरकावून देतो, पण पांडवलेण्यांच्या परिसरातले असे स्फटिक जगभरच्या संग्रहांत मानाने ठेवलेले आहेत. सिन्नरला तर त्यांचे स्वतंत्र संग्रहालयच आहे. शिक्षकांनी मुलांना अवश्य दाखवावे.

दोन थरांच्या मध्ये मुरमासारखा पोकळ दगड असतो. वरचे पाणी भेगांतून मुरत तिथवर येते आणि थराच्या कडेला झरा होऊन बाहेर पडते. लेणी कोरणाऱ्यांना आणि किल्ले बांधणाऱ्यांना हे गुपित ठाऊक होते. म्हणून त्यांची टाकी डोंगराच्या नेमक्या जागी सापडतात. ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते ती ह्याच न्यायाने. गौतम ऋषींच्या तपाची आणि शंकराने जटा आपटल्याची कथा आपल्याला ठाऊक आहेच. भूगोल तिच्या आड येत नाही. तिथून निघालेली गोदावरी १,४६५ किलोमीटर वाहत पूर्व समुद्राला मिळते. आणि आता मौज बघा. वैतरणा नदी निघते तीही ह्याच त्र्यंबकच्या डोंगरांतून, पण ती जाते पश्चिम समुद्राकडे. तिच्यावरची धरणे मुंबईला पाणी पुरवतात. म्हणजे श्रावणातली एखादी सर ह्या माथ्यावर कोसळली की तिचे अर्धे पाणी राजमहेंद्रीच्या भातखाचरांकडे निघते आणि अर्धे मुंबईच्या चाळीतल्या नळाकडे. पुस्तकात 'पाणलोट' हा शब्द मुले पाठ करतात. इथे उभे राहून दोन्हींकडचे उतार बोटाने दाखवा, शब्द पाठ करायला नको.

पण श्रोतेहो, इथेच एक गोष्ट बोलून दाखवली पाहिजे. जो डोंगर दोन समुद्रांना पाणी धाडतो, त्याच्याच अंगाखांद्यावरच्या वाड्यांवर चैत्र-वैशाखात बायका हंडे घेऊन कोरड्या विहिरीच्या तळाशी उतरतात. पावसाळ्यात धो-धो पाऊस, आणि उन्हाळ्यात घोटभर पाण्यासाठी पायपीट. पाणी धरून ठेवणारे झाड, गवत आणि माती जिथे कमी झाली तिथे झरेही लवकर आटतात. आपण ज्या वाटेने हौसेने चढतो, तीच वाट ती बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन रोज चढते. वाटेत ती भेटली तर आधी बाजूला होऊन तिला वाट द्यावी, आणि तिच्या टाक्यात पाय बुडवून बसू नये. एवढे तरी आपल्या हातात आहे.

अंजनेरी हा मारुतीरायाचा जन्मडोंगर मानला जातो. पायथ्याशी जुन्या जैन आणि हिंदू देवळांचे अवशेष विखुरलेले आहेत, वाटेत लेणे आहे, पठारावर तळे आणि अंजनीमातेचे देऊळ. भाद्रपदात पठारावर सोनकी आणि तेरड्याचा गालिचा पसरतो. कंदिलासारखी फुले येणारी एक दुर्मीळ वनस्पती इथे सापडते. शास्त्रज्ञांनी तिच्या नावातच अंजनेरीचे नाव गोवले आहे. तिचा उघडा संसार हा असा मूठभर मातीवर आणि कातळाच्या बेचक्यात. दहा माणसे तिथे बसून उठली की संपला. ह्याच कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. गुरांना टोचण्यात येणाऱ्या डायक्लोफिनॅक नावाच्या औषधामुळे मेलेले ढोर खाणारी गिधाडे देशभर मरून पडली. २००६ साली जनावरांसाठी ते औषध बंद झाले, तरी पूर्वीची संख्या काही परत आलेली नाही. अंजनेरीचा काही भाग २०१७ साली संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. मधल्या काळात माथ्याकडे मोटाररस्ता नेण्याची योजनाही पुढे आली होती. निसर्गप्रेमींनी तिला कसून विरोध केला. म्हाताऱ्या भाविकांची सोय होईल, हे म्हणणे खोटे नव्हे. परंतु मोटार गेली की मोटारीमागून दुकान, दुकानामागून कचरा, हेही खोटे नव्हे.

उत्तरेकडे म्हसरूळजवळ चामरलेणी, म्हणजे जैनांचे गजपंथ क्षेत्र. त्याच्या पुढे पेठ रस्त्याच्या अंगाला रामशेज. आशेवाडीतून तासाभरात चढून होतो, मुलांच्या सहलीला इतका सोपा किल्ला दुसरा नाही. १६८२ साली औरंगजेबाच्या फौजेने त्याला वेढा घातला आणि मूठभर मावळ्यांनी तो वर्षानुवर्षे लढवला. गडावर लोखंडी तोफ नव्हती, म्हणून त्यांनी झाडाचे बुंधे पोखरून, त्यांना कातडे वापरून लाकडी तोफा केल्या, असे खुद्द मोगलांच्या बाजूचा इतिहासकार खाफीखान लिहितो. रामशेजशेजारी बोरगड. एकेकाळी तो उघडाबोडका झाला होता. वनखाते, नाशिकची निसर्गप्रेमी मंडळी आणि पायथ्याची गावे एकत्र आली, झाडे लावली, चराई आणि कुऱ्हाड आवरली, आणि २००८ साली बोरगड हे महाराष्ट्रातले पहिले संवर्धन राखीव क्षेत्र ठरले. मोडलेले मुद्दलही थोडे थोडे करून पुन्हा उभे राहते, ते असे.

ज्यांचे गुडघे डोंगराला राजी नाहीत त्यांनी पूर्वेचा रस्ता धरावा. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा ह्यांच्या संगमाजवळ नांदूरमध्यमेश्वर आहे. ब्रिटिश काळात पाटबंधाऱ्यासाठी नदी अडवली, गाळ साचला, आणि त्या गाळाची झाली पाणथळ. हिवाळ्यात देशोदेशींची बदके, करकोचे आणि पाणकोंबड्या इथे उतरतात. १९८६ साली ते पक्षी अभयारण्य झाले आणि २०२० साली रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून त्याची नोंद झाली. महाराष्ट्रात हा मान त्याला सर्वांत आधी मिळाला. येवल्याकडे ममदापूरच्या माळावर काळविटांचे कळप आहेत. ज्याला आपण पडीक माळ म्हणतो तोच काळविटाचा राजवाडा. मोकळी जागा रिकामी वाटते, पण रिकामी ती आपल्या डोळ्यांना.

आता मुद्दल मोडण्याच्या वाटा पाहू. पहिली वाट सुरुंगाची. शहर वाढते तशी त्याला खडी लागते, आणि खडी डोंगरातूनच येते. घर सर्वांनाच हवे, मीही सिमेंटच्या घरातच राहतो. प्रश्न आहे तो कोणता डोंगर आणि किती, हे कोण ठरवणार. २०२१ साली खुद्द ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी डोंगर फोडण्याचे काम चालल्याचे उघडकीस आले, तेव्हा स्थानिक रहिवासी आणि निसर्गप्रेमी ओरड करून उठले. ती वाट त्यांच्या पायाखालची होती म्हणून त्यांना कळले. ज्या टेकडीवर कुणी जातच नाही, ती कधी सपाट झाली हे कुणाला कळणार?

दुसरी वाट वणव्याची. गवत जाळले की पुढच्या वर्षी चांगले येते, असा समज अजून पुष्कळ ठिकाणी आहे. राखेवर पहिला हिरवा कोंब लवकर दिसतो, म्हणून तो खरा वाटतो. पण आगीत झाडांची रोपटी जातात, बी जाते, जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जातात, आणि उघड्या पडलेल्या मातीला पहिलाच वळीव ओढ्यात घेऊन जातो. दोन-चार वर्षे गवत हिरवे दिसते आणि मग एक दिवस कातळ दिसतो.

तिसरी वाट आमची, म्हणजे शहरी हौशी मंडळींची. हरिहर किल्ल्याच्या खडकात कोरलेल्या उभ्या पायऱ्या चित्रांतून सर्वदूर पोचल्या, आणि पावसाळ्यातल्या रविवारी त्या पायऱ्यांवर पंढरीच्या बारीसारखी रांग लागू लागली. एका वेळी एकाने चढायची वाट ती. तिथे चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात. गर्दी आवरण्यासाठी वनखात्याला निर्बंध घालावे लागले आहेत. मग पावले वाट राखतात म्हणावे की मोडतात म्हणावे? माझे उत्तर असे की दोन्ही खरे. वर्षभर थोडी थोडी, निरनिराळ्या डोंगरांवर पडणारी पावले राखतात. एकाच दिवशी एकाच पायरीवर पडणारी मोडतात. म्हणून हरिहर एकदा पाहावा, पण नेहमीच्या चालण्यासाठी आपल्या गावाजवळचा अनाम डोंगर निवडावा.

खेड्यातल्या बंधूंना माझी एक सूचना आहे. तुमच्या डोंगरावर शहरातले पाहुणे येणार, ते आता थांबायचे नाही. मग ते तुमच्या नियमाने येवोत. कोणत्या वाटेने जायचे, कोणत्या टाक्याचे पाणी प्यायचे, चूल कुठे मांडायची नाही, हे गावाने ठरवावे आणि वेशीवर पाटी लावावी. गावातला जाणता तरुण वाटाड्या म्हणून जावा, त्याला मोबदला मिळावा. पिठलं-भाकरी गावातच व्हावी. पाहुण्याने आणलेले प्लॅस्टिक पाहुण्यानेच परत न्यावे, आणि तसे सांगायला लाजू नये. चढताना दोन बाटल्या पाणी, निसरड्या दिवसांत शेवाळापासून सावधपणा, विजा कडाडू लागल्या की माथा सोडणे, आणि कड्याला आग्या मोहोळ दिसले तर खाली शांतपणे चालणे, एवढे पथ्य पाहुण्यांनी पाळावे. हे त्यांना गावकऱ्याइतके चांगले दुसरे कोण शिकवणार?

आणि शिक्षकांना विनंती अशी. शाळेच्या ओट्यावरून जो डोंगर दिसतो, त्याची एक वही करा. सहलीसाठी दूर जायला नको. मुलांना घेऊन एकदा पावसाळ्यात चढा, एकदा हिवाळ्यात, एकदा चैत्रात. कोणता झरा कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो, कोणती फुले कधी येतात, कोणत्या खिंडीला, कोणत्या कातळाला काय म्हणतात, हे गावच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून मुलांनी लिहावे. फोडशी, शेवळं, कुरडू कुठे उगवतात हे आज्यांना ठाऊक असते. तेही उतरवून घ्यावे. शेवटच्या पानावर त्या वर्षी डोंगराचे काय गेले आणि काय नवे आले, ह्याची जमाखर्चासारखी नोंद असावी. दर वर्षी नव्या वर्गाने पुढचे पान लिहावे. असे दहा वर्गांनी लिहिले की ती वही गावाचा दस्तऐवज होईल. मग त्या डोंगराचे मुद्दल कुणी परस्पर उचलून नेऊ म्हटले, तर त्याला हिशेब विचारणारे गावात निदान दहा वर्गांचे विद्यार्थी असतील.